पवनारच्या रस्त्यावरचं अहिंसक इंग्रजी

पुण्याहून निघताना हेडमास्तरांनी बजावलं होतं, "तिकडे चहा मागू नका." पवनारच्या रस्त्यावरच्या एका नव्या गांधीवादी शाळेला इंग्रजीची शिक्षिका हवी होती आणि उमेदवारांचे वाक्प्रचार तपासायला मी निघालो होतो. इंग्रज गेले, पण त्यांचे वाक्प्रचार आल्याशिवाय नोकरी मिळत नव्हती.

वर्धा स्टेशनावर शाळेनं पाठवलेला टांगा उभा होता. टांगेवाले किसनराव नालवाडीचे. वांग्यांची शेतं दाखवत म्हणाले, "आमची भाची शेवंता बी येऊन राह्यली मुलाखतीले. नौकरी लागली त बरं, नाई त घरचे उन्हाळ्यात उजवून टाकतात तिले (लग्न लावून मोकळे होतात)." मीच परीक्षक आहे, हे मी मोठ्या चतुराईनं लपवलं.

शाळेत जेवायला उकडलेला भोपळा आणि ज्वारीची भाकर. मीठ मागितलं, तर संयमावर प्रवचन मिळालं.

ओसरीवर एक तक्ता टांगला होता. अध्यक्ष नानासाहेबांनी इंग्रजी भाषा अहिंसक करून घेतली होती. मेलेल्या घोड्याला इंग्रज फटके मारतात, म्हणजे संपलेला विषय उगाळत बसतात. इथे त्या घोड्याला श्रद्धांजली वाहायची होती.

मुलाखतीला आधी नागपूरच्या एक बी. ए. बाई आल्या. मी विचारलेला वाक्प्रचार त्यांनी खणखणीत पुरा केला, "किल टू बर्ड्स विथ वन स्टोन!" मी खूश. नानासाहेबांनी डोळे मिटले.

"या आवारात पक्षी मारता?"

बाई परत गेल्या.

मग शेवंता आली. तिलाही मी तोच वाक्प्रचार विचारला. "फीड टू बर्ड्स विथ वन हँडफुल." नानासाहेब गहिवरले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अर्थ सांगा," मी गुरकावलो.

"एका कामात दोन कामं साधणं."

अर्थ अचूक! इंग्रजी मात्र सोवळ्यातलं. पण किसनरावांनी सांगितलेला तो उन्हाळा आठवला आणि मी सही केली.

निघताना तिला विचारलं, "खरा वाक्प्रचार ठाऊक नव्हता?"

"ठाऊक हाये जी. वर्गात पोट्ट्यांले (मुलांना) खराच शिकवीन. पन तिथं नानासाहेब बसले होते."

"आणि मी?"

"तुमाले रस्त्यात समदं सांगाले मामाले मीच म्हनलं होतं."

मी रागवायला हवं होतं. पण मला हसू फुटलं आणि पोरीचं मनापासून कौतुक वाटलं.

परतीच्या वाटेवर बडनेऱ्याला दोनदा चहा घेतला. आता वर्गात मुलं या वाक्प्रचाराचं उदाहरण मागतात, तेव्हा मी शेवंताचंच देतो. एका उत्तरात तिनं दोन पक्षी टिपले: नानासाहेब आणि मी. दोघांनाही खरचटलं नाही. हिंसा झाली ती फक्त उन्हाळ्यातल्या लग्नाची.