एलेव्हेटरच्या हँडलवरची टोपी

इथे पहिल्यांदाच लिहितोय. वर्षभर नुसता वाचत होतो आणि खरं सांगायचं तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या अनुभवांना नेट कॅफेत बसून मनातल्या मनात हसतही होतो. मी मेकॅनिकलला आहे. अंगात येणं, कौल लावणं, अमावास्येला प्रवास टाळणं... यातलं काहीच मला कधी पटलं नाही. आजही पटतं असं म्हणवत नाही. माझ्या अनुभवात भूतबित नाहीच. एक टोपी आहे. कुणाला हे फारच साधं वाटलं तर आधीच माफी मागतो.

आमचं गाव मलकापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. थोडी शेती, दोन म्हशी. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. मी लहान असताना गुऱ्हाळावर उसाच्या चरकात गेली. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. कुणी विचारलं तर "मशीन हाय, त्याला काय कळतंय," एवढंच म्हणतात.

२००६ च्या मे महिन्यात मी ट्रेनिंगसाठी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात लागलो. नाव लिहीत नाही. एसटीत बसवताना आबांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाले, "मशिनीत हात घालू नगंस." मी हसलो. म्हटलं, "आबा, मशिनीत हात घालायलाच चाललोय की." ते नाही हसले.

कारखान्यात मका, सरकी पेंड, भाताचा कोंडा असा माल ट्रकनं यायचा. तो उचलून वर न्यायला बकेट एलेव्हेटर होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एक उंच, चौकोनी, बंद लोखंडी पेटी डोळ्यांपुढे आणा. आत रबरी पट्टा, पट्ट्याला ओळीनं बादल्या. विहिरीवरच्या राहाटगाडग्यासारखंच, फक्त पाण्याऐवजी धान्य. खाली मका पडतो, बादल्या तो भरून घेतात आणि वर सायलोच्या, म्हणजे धान्याच्या उंच टाकीच्या, तोंडाशी नेऊन ओततात. एलेव्हेटरचा तळ जमिनीखाली खड्ड्यात असतो, शिडीनं उतरावं लागतं. आणि तो चालू करायचा स्टार्टर मात्र वर, भिंतीच्या पलीकडे. तिथून खड्ड्यातला माणूस दिसत नाही.

आमचे ऑपरेटर बसगोंडा अण्णा, निपाणीकडचे. मला 'तम्मा' म्हणायचे, कानडीत धाकटा भाऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्टार्टरपाशी नेलं. जुना, हातानं हँडल ओढून चालू करायचा स्टार्टर होता.

"तम्मा, हँडलवर टोपी दिसली की हात लावायचा न्हाय. मालक आला तरी न्हाय. टोपी हाय म्हंजे माणूस आत हाय."

"आणि ज्याच्याकडे टोपी नाही त्यानं?"

"त्यानं रुमाल बांधायचा. आताची पोरं कुठं घालत्यात टोप्या? भांग मोडतोय त्यांचा."

शेजारी सुभाष पोती लावत होता. माझ्याच वयाचा, पण चार वर्षं तिथंच कामाला. तो म्हणाला, "अण्णा, ह्यो इंजिनेर हाय. टाय अडकवंल."

ही पद्धत कुठली, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, गुऱ्हाळावरची. चरकात अडकलेला ऊस काढायला जाणारा गडी आधी इंजिनाच्या हँडलवर आपली टोपी अडकवायचा. मी जरा पुस्तकी बोललो, की त्यापेक्षा कुलूप बरं. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्यांच्या घरी जाऊन चहा नको म्हणालोय. "कुलूप काय, कुणीबी काढंल. दुसऱ्याच्या टोपीला कोण हात लावतंय?"

मला ते पटलं. म्हणजे, तेव्हा नुसतं गमतीशीर वाटलं.

आता तो दिवस. दुपारची जेवणं चालू होती. आलेला मका दमट होता, त्यामुळे एलेव्हेटर तळाशी गच्च चोंदला आणि पट्टा अडकला. तेवढ्यात लाइटही गेली. अण्णा तिकडे डबा खायला गेलेले. सुभाष म्हणाला, "लाइट न्हाय तवर साफ करून टाकू, चल." मी खिशातला चौकड्यांचा रुमाल हँडलला बांधला. सुभाषनं तो बघितला, गाठीला एक हिसका देऊन बघितली आणि मग आम्ही खाली उतरलो.

तळाचं झाकण उघडलं. आत मका चिखलासारखा बसलेला, आंबूस वास. हातानंच उपसायला लागलो. थोड्या वेळानं सुभाष रिकामी पोती आणायला वर गेला. गेटवर ट्रक आला होता, त्याला तिकडेच कुणीतरी थांबवून घेतलं... हे मला नंतर कळलं. मी एकटाच राहिलो. उजवा हात खांद्यापर्यंत आत, बादल्या आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत. कारखाना इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. भीती अजिबात वाटत नव्हती. बोटांना गार मका लागत होता, बरं वाटत होतं.

मग खड्ड्यातला दिवा लागला. लाइट आली. तरी मी हात काढला नाही. रुमाल होता ना!

आणि वरून अण्णांचा आवाज आला. "आत कोण हाय रं?"

"मी हाय, अण्णा!"

"हात कुठं हाय तुझा?"

"आत हाय!"

"भाईर काढ. आधी भाईर काढ!"

मी वर आलो तेव्हा अण्णा स्टार्टरसमोर पोत्यावर बसले होते. हँडलवर एक पांढरी टोपी होती, अगदी डोक्यावर घालावी तशी नीट बसवलेली. माझा रुमाल खाली जमिनीवर पडला होता, गाठ सुटलेला.

"ओढायला हात घातलाच हुता मी," अण्णा म्हणाले. "खाली कोण न्हाय असंच वाटलं. हाताला कापड लागलं. तवा बघितलं."

त्यांची स्वतःची टोपी त्यांच्या डोक्यावर होती. कारखान्यात टोपी घालणारा दुसरा माणूस म्हणजे गेटवरचा वॉचमन. त्याची त्याच्या डोक्यावर. सुभाष धावत आला. अण्णांनी विचारलं, "तू ठेवलीस?"

"मी कशाला ठेवू? आमी रुमाल बांधलाता की. माझ्या डोळ्यांदेखत बांधलाय ह्यानं."

"मग ही कुणाची?"

"मला काय इचारतासा अण्णा? मी जन्मात टोपी घातली न्हाय."

मी टोपी हातात घेतली. धुऊन धुऊन पातळ झालेली. आतली पट्टी उलटून बघितली. पट्टीवर निळ्या दोऱ्याची फुली होती. आबांची आणि माझ्या चुलत्यांची टोपी धुण्यात बदलायची म्हणून आईनं आबांच्या प्रत्येक टोपीला ही फुली घातली आहे. फुलीचा एक पाय नेहमी लांब होतो तिचा. इथेही लांब होता.

मी म्हणालो, "आमच्या आबांची आहे."

तुमच्या मनात आत्ता जे आलं तेच माझ्या आणि त्यांच्याही मनात आलं होतं. गावातल्या किराणा दुकानात फोन होता. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून लावला. वाजत राहिला, दुपारचं दुकान बंद असणार. अण्णा म्हणाले, "जा तम्मा. आत्ताच्या आत्ता जा. साहेबास्नी मी सांगतो." सुभाषनं मला त्याच्या एम-एटीवरून हायवेपर्यंत सोडलं. वाटेत एक विनोद केला नाही त्यानं.

कागलहून कोल्हापूर, तिथून मलकापूरची गाडी. आबांची टोपी मांडीवरच्या पिशवीत. मी शिकलेला आहे, म्हणून बसल्या बसल्या कारणं शोधत होतो. आईनं चुकून माझ्या पिशवीत भरली असेल? पण मी निघालो तेव्हा ती आबांच्या डोक्यावर होती. दुसरी असेल? मग माझी पिशवी कागलच्या खोलीत, कुलपात. तिथून ती हँडलवर कुणी नेली? कुणाच्या तरी दुसऱ्याच टोपीला निळी फुली असेल? असू शकते. कितीतरी घरांत असेल. पण ज्याची असेल तो कारखान्यात हवा ना... एकेक कारण मी घेत होतो आणि सोडत होतो, कारण मला खरं तर कारण नकोच होतं. आबा हवे होते.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गोठ्यात आबा म्हशीला वैरण टाकत होते. बोडके.

मला बघून म्हणाले, "काय रं, मधीच?"

मी म्हणालो, "टोपी कुठाय आबा?"

"टोपी?" त्यांनी डोक्याला हात लावला. "दुपारी आंब्याखाली काढून ठेवली, जरा डोळा लागला. उठून बघतोय तर न्हाय. वारं न्हाय, काय न्हाय. माकडानं न्हेली असंल."

आई दारातून ओरडली, "माकड काय लग्नाला निघालंय व्हय टोपी घालून? कुठंतरी इसरून आल्यात आन् माकडावर ढकलत्यात!"

मी पिशवीतून टोपी काढली.

आईनं ती हातात घेतली, पट्टी उलटून उजेडाला धरली. "माझाच टाका हाय ह्यो," म्हणाली. "तुला कुठं घावली?"

मी गोठ्याच्या कट्ट्यावर बसून सगळं सांगितलं. खड्डा, रुमाल, लाइट, अण्णा. आई मध्येमध्ये "आगं बाई" म्हणत होती. माझं सांगून झाल्यावर आबांनी फक्त एवढंच विचारलं, "हँडलवर हुती?"

"हो."

"नीट बसवल्याली?"

"हो."

त्यांनी उरलेली वैरण टाकली. मग डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "आमीबी टांगायचोच की. त्या दिवशी घाई झाली. माझी डोक्यावरच ऱ्हायली."

इतक्या वर्षांत बोटांबद्दल त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी विचारलं, "पण आबा, ही कागलला गेली कशी?"

"मला काय म्हाईत? तू शिकल्याला हाईस. तू सांग."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. सुभाषला पुन्हा दोनदा विचारलं, शपथ घालून. आंब्याखाली जाऊन बघून आलो, का ते माहीत नाही. एका प्राध्यापकांनाही सांगितलं. ते भले आहेत. म्हणाले, ताणात माणसाची आठवण गडबडते. तसं असेलही. पण आठवण माझी गडबडली असली तरी अण्णांच्या हाताला लागलेलं कापड गडबडलेलं नव्हतं. इथं कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, मी मनापासून वाचेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागलला परत निघालो तेव्हा आबांनी ती टोपी माझ्या पिशवीत घातली. मी म्हणालो, "मी कुठं टोपी घालतो?"

"घालू नगंस. टांगायला ठेव."

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एका जुन्या लेथचा पट्टा बदलायचा होता. मी आधी मेन स्विच पाडला आणि त्याच्या दांड्यावर टोपी अडकवली. बॅचमधली मुलं खूप हसली, एकानं मला पाटील म्हणून हाक मारली. मी आत हात घातला आणि काम करत राहिलो.

टोपीला कुणी हात लावला नाही.