नमुन्यातला नंबर

माझ्या नवऱ्याला जुन्या ऑफिसात फूटपट्टी म्हणायचे, आणि उगाच नव्हते म्हणत. वेबसाइटवरचं एखादं बटण केसभर डावीकडे सरकलं तरी याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. घरातलं कॅलेंडर त्याने तीनदा काढून पुन्हा ठोकलं होतं. असा हा माणूस बारा वर्षं एकाच खुर्चीत बसून लोकांच्या वेबसाइट सजवत होता आणि मालक दर वर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की बघू’ म्हणत होते. नोकरी सोड म्हणून त्याच्यामागे टुमणं लावलं ते मीच. तेव्हा पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, हे आधीच कबूल करते.

नवी नोकरी लागली ती दुसऱ्या शहरात. मी शाळेच्या ग्रंथालयातली माझी नोकरी सोडली, मुलीचा शाळेचा दाखला काढला, राहतं घर रिकामं करून किल्ल्या देऊन टाकल्या. सासूबाई सत्तरीच्या. त्यांनी आपला गोळ्यांचा डबा, चष्मा आणि मोबाइल एवढं स्वतःच्या पिशवीत टाकलं आणि बाकीचं तुमचं तुम्ही बघा म्हणाल्या.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर बोटं टेकतील इतकी जवळ. आत तेवीस खोकी. त्यातली चार उघडली तेवढीच, कारण नव्या ऑफिसातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “जुन्या कंपनीचं सोडल्याचं पत्र महिनाअखेरपर्यंत आणून द्या. त्याशिवाय नेमणूक पक्की होत नाही.” आणि पत्र काही येत नव्हतं.

का येत नव्हतं, ते सांगते. वेबसाइटचा नमुना करताना खरा मजकूर हातात नसतो. मग हे लोक ‘इथे मजकूर येईल’ असं काहीबाही भरून ठेवतात आणि फोनच्या जागी शून्यं टाकतात. फूटपट्टीला ते पटायचं नाही. शून्यांची रांग खोटी दिसते, खरा नंबर कसा चौकटीत नीट बसतो, असं त्याचं म्हणणं. मग तो आईचा नंबर टाकायचा, कारण त्याला तोंडपाठ असलेला तेवढा एकच नंबर. माझा नाही, हे लक्षात घ्या. नमुना पसंत पडला की कोणीतरी खरा नंबर भरायचं. बारा वर्षं ते कोणीतरी भरत आलं. शेवटचं काम होतं एका डोळ्यांच्या हॉस्पिटलचं. घरात बांधाबांध चाललेली, त्याने घाईत फाइल देऊन टाकली. याला वाटलं नंबर हॉस्पिटलवाले भरतील, त्यांना वाटलं याने भरलाय. साइट चालू झाली. वर त्याच फाइलवरून पेशंटना द्यायची वीस हजार कार्डंही छापून झाली.

त्यामुळे नव्या घरात आल्या दिवसापासून सासूबाईंचा फोन वाजायला लागला. पहिला फोन कुणा आजोबांचा होता. डोळ्यात थेंब कितीदा घालायचे, असं विचारत होते. “ते डॉक्टरांना विचारा,” सासूबाई म्हणाल्या, “पण डोळा चोळू नका हं.” दुसऱ्या दिवशी सतरा फोन. तिसऱ्या दिवशी मोजायचं सोडलं. मी वैतागले, पण खोटं कशाला सांगू, त्यांचा चेहरा उजळला होता. इथे त्यांना ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. दिवसभर त्या खुर्चीत आणि समोर ती भिंत.

त्यांच्या हक्काचा फोन एकच, दुपारी तीनचा. धाकट्या बहिणीचा. मावशींना दिसत नाही, म्हणजे उजेड-अंधार कळतो तेवढंच. एकट्या राहतात. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन आहे आणि बोटांना एकच नंबर ठाऊक आहे. सासूबाईंनीच तो हात धरून शिकवला होता, नजर पुरती जायच्या आधी. तीनला फोन वाजायचा, दोघी अर्धा तास कुणाच्या तरी कागाळ्या करायच्या, आणि दिवस पार पडायचा.

मग जुन्या कंपनीच्या मालकांचा फोन आला. साइटवरचा नंबर त्यांनी बदलून घेतला होता, पण कार्डं लोकांच्या खिशात गेली होती. हॉस्पिटलवाल्यांनी याच्याविरुद्ध तक्रार केली होती आणि म्हणत होते, आता तो नंबरच आमच्या नावावर करून द्या, नाहीतर तक्रार मागे घेणार नाही. आणि तक्रार मागे घेतल्याशिवाय पत्र नाही. “आईंची एक सही तर हवी,” मालक म्हणाले. “नवा नंबर काय, कुठेही मिळतो.”

फोन ठेवल्यावर फूटपट्टीने डोकं धरलं. महिना संपायला नऊ दिवस होते.

“तू विचार,” तो मला म्हणाला.

“मी का? आई तुझी, नंबर तू टाकलास.”

“मला नाही जमणार.”

“मग मालकांना सांग जमत नाही म्हणून.”

“आणि खाऊ काय? तुझी नोकरी गेली, पोरीची शाळा गेली, त्या घरात दुसरे लोक राहायला आले. परत कुठे जाऊ मी?”

तो हे हळू आवाजात म्हणाला, कारण भिंतीपलीकडे आई होती. या घरात भांडायचंसुद्धा कुजबुजत. मला त्याचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही, आणि त्याहून जास्त दया आली, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

पाच दिवस असे गेले. तो ऑफिसातून यायचा, आईसमोर बसायचा, तोंड उघडायचा आणि “गोळी घेतलीस का?” एवढंच विचारायचा. सासूबाई दिवसातून चार-चार वेळा गोळी घेतल्याचं सांगून थकल्या. घरमालकांनी खिळा ठोकायचा नाही असं बजावलं होतं, म्हणून कॅलेंडर एका खोक्याला टेकवून ठेवलेलं. ते वाकडं होतं. त्याने एकदाही सरळ केलं नाही. तेव्हा मात्र मी मनातून घाबरले.

मुलीने जेवताना विचारलं, “बाबा, माझी खेळणी कोणत्या खोक्यात आहेत?”

“राहू दे आत्ता, नंतर काढू.”

“नंतर म्हणजे आपण इथे राहणार की नाही ते ठरल्यावर?”

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “कागद कुठेय तो? आण इकडे.”

हा जागच्या जागी थिजला. “कुठला कागद?”

“सहीचा. त्या हॉस्पिटलातल्या मुलीने मला गेल्या सोमवारीच सांगितलं सगळं. चांगली आहे बिचारी, पेशंटचे निरोप घ्यायला रोज फोन करते मला. मी वाट बघत होते, तू कधी तोंड उघडतोस म्हणून.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “गोळ्या घेतल्यास का म्हणे. अरे, लहानपणी काच फोडलीस तेव्हाही असाच घुटमळला होतास.”

तो रडला. मुलीसमोर, ताटावर बसून, हुंदके देऊन. “आई, मावशीचं काय?” एवढंच त्याला विचारता आलं.

“तिला शिकवू नवा नंबर,” सासूबाई म्हणाल्या. “माझी बहीण आहे, मठ्ठ नाही.”

सही झाली. पत्र एकोणतीस तारखेला आलं, नेमणूक पक्की झाली, आणि पक्की म्हणजे दोन वर्षं नोकरी सोडता येणार नाही अशा कागदावर त्याने दुसरी सही केली. खोकी उघडली. खेळणी बाविसाव्या खोक्यात निघाली.

मावशींना नवा नंबर शिकवायला आम्ही काय नाही केलं. फोनवर घोकून घेतला. त्यांना तो म्हणताही येतो, घडाघडा. शेजारणीने एका बटणावर नंबर साठवून वर पट्टी चिकटवून दिली. पण रिसीव्हर उचलला की बोटं आपली जुन्याच वाटेने जातात. पलीकडून रेकॉर्ड बोलतं, नव्या पेशंटनी एक दाबा, जुन्या पेशंटनी दोन दाबा. मावशी ठेवतात आणि पुन्हा लावतात. “बोटांपुढे काही चालत नाही गं माझं,” असं त्या एकदा मला म्हणाल्या.

म्हणून मी सुचवलं, आई, तीनला तुम्हीच लावत जा. साधी गोष्ट होती. काल फूटपट्टी घरूनच काम करत होता. पडद्यावर कुठल्याशा दुकानाचा नमुना, आणि फोनच्या चौकटीत दहा शून्यं. तीन वाजले. सासूबाईंनी बहिणीचा नंबर लावला, थांबल्या, ठेवला. पुन्हा लावला. फोन एंगेज होता. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, तरी एंगेजच.

“कुणाशी बोलत बसलीय ही एवढी?” त्या म्हणाल्या.

फूटपट्टीने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, मावशी त्या क्षणी कुणाशीच बोलत नव्हत्या. त्या आईंना फोन लावत होत्या.