हेडसेटवरचा दुसरा आवाज

डोणगावकर सर गेल्याची बातमी मला माझ्या फोनने सांगितली. मला लहानपणापासून दिसत नाही. आलेला प्रत्येक मेसेज फोन वाचून दाखवतो, आणि मेसेज बारशाचा असो की मरणाचा, त्याचा सूर बदलत नाही. कारंजाच्या एसटी स्टँडवर मी वाशीमच्या गाडीसाठी थांबले होते. आमच्या बॅचच्या ग्रुपवर आलेलं फोनने वाचलं, "डोणगावकर सर आज सकाळी गेले. जोडलेले हात. जोडलेले हात. कोमेजलेलं फूल." मग एकामागून एक जोडलेले हात येत राहिले. वाशीमची गाडी लागली, माणसं चढली, गाडी निघूनही गेली... आणि मी बाकावरच बसून होते.

दुसऱ्याच दिवशी या पुरवणीसाठी लेख लिहाल का, असं विचारणारा फोन आला. सरांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी म्हणून. मी हो म्हटलं, अर्धा लेख लिहूनही ठेवला होता. तो लेख फार गोड होता. आज तो मी पाठवलेला नाही.

वाशीमला आमच्या विद्यापीठाचं एक छोटं केंद्र आहे, टीव्ही कार्यक्रम तयार करायला शिकवणारं. प्रवेशाचा अर्ज घेऊन मी तिथे गेले तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, हा टीव्हीचा कोर्स हाय. रेडिओचा नाही." मागच्या खोलीतून एक जाड, सावकाश आवाज आला, "टीव्हीचा आवाज बंद करून कोणी पाह्यते का रे? घे तिचा अर्ज." तेच सर. पण अर्ज घेऊन काम संपलं नव्हतं, कारण अब्बा तयार नव्हते. कारंजाला आमचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. एका रविवारी सर थेट दुकानात येऊन कापसाच्या ढिगाशेजारी बसले. अब्बा म्हणाले, "सर, पोरीले दिसत नाही आन् तुमी तिले टीव्ही शिकवून राह्यले. मले समजत नाही." सर हसले. "चाचा, समजत तं मले बी नाही अजून. पण तिच्यासंग मी बी शिकीन." एवढंच बोलले. अब्बांना मोठमोठी आश्वासनं दिली असती तर ते नाही म्हणाले असते. हा माणूस मलाही समजत नाही म्हणतो, यावरच ते भाळले.

आणि सर खरंच शिकले. कंट्रोल रूममध्ये कॅमेरे बदलायच्या बटणांवर त्यांनी स्वतःच्या हाताने नेलपॉलिशचे थेंब टाकले, एकवर एक, दोनवर दोन, तीनवर तीन. कॅमेऱ्यावरच्या प्रत्येकाने आपल्या चौकटीत काय आहे ते हेडसेटवर तोंडाने सांगायचं, सांगितल्याशिवाय कॅमेरा हलवायचा नाही, असा नियम केला. सुरुवातीला मुलं कंटाळायची. मालेगावचा गजानन तर म्हणायचा, "सर, दिसून राह्यलं ना समोर, सांगायचं काय त्यात?" सर म्हणायचे, "जे तुले सांगता येत नाही, ते तुले दिसलंच नाही." महिन्याभरात सगळ्यांचीच नजर बदलली. 'एक बाई' म्हणणारा गजानन 'बाई, डोळे खाली, डावा हात पदरावर' असं म्हणू लागला. मला वाटायचं, माझ्यामुळे वर्गाचं काही अडत नाही, उलट काही मिळतंय... असं वाटणं किती मोठी गोष्ट असते, ते लोकांच्या दयेवर शाळा केलेल्यालाच कळेल.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला पंधरा मिनिटांचा एक कार्यक्रम दिग्दर्शित करायचा होता. तीन कॅमेरे, मधे कुठेही न थांबता. मला आवाजाचं काम देऊन सुट्टी द्यावी, असं काहींचं म्हणणं होतं. सर म्हणाले, "इथे सगळे सगळं करतात." मी कारंजाच्या गुलशनबींना बोलावलं. चाळीस वर्षं त्या बायकांच्या हातात बांगड्या भरत आल्या होत्या. गजानन माझ्या शेजारी बटणांवर बसला. मी हेडसेट घातला आणि कॅमेऱ्यांवरून येणारी वर्णनं ऐकत, गुलशनबींचा श्वास ऐकत आकडे सांगत गेले. एक. दोन. एकवरच थांब. तीन. पंधरा मिनिटांनी सर कंट्रोल रूममध्ये आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जमलं, नसरीन."

तो कार्यक्रम विद्यापीठात पहिला आला. केंद्र पाहायला आलेल्या कमिटीला तो दाखवला. 'दृष्टिहीन विद्यार्थिनीने दिग्दर्शित केलेला' असं त्याच्या आधी पडद्यावर येतं, हे मला कितीतरी जणांनी वाचून दाखवलं. अब्बा दुकानात गिऱ्हाइकाला मोबाइलवर तो लावून द्यायचे. शिक्षण संपल्यावर मी दिग्दर्शनाच्या कामासाठी सरांकडे शिफारसपत्र मागितलं. त्यांनी दिलं, पण आवाजाच्या कामासाठी. "आधी पाय रोव, मग पाहू," म्हणाले. मला लागलं, पण मी वाद घातला नाही. सात वर्षं मी आवाजाचंच काम करते आहे. सर दर ईदला घरी यायचे, शीरखुर्मा दोन वाट्या घ्यायचे आणि अम्मीला सांगायचे, "तुमच्या पोरीनं माझं केंद्र तारलं." हे वाक्य मी जपून ठेवलं होतं.

केंद्रात शोकसभा झाली. आमच्या बॅचचे बहुतेक सगळे आले होते. मला बोलायला सांगितलं आणि मी गुलशनबींच्या कार्यक्रमाचीच गोष्ट सांगितली. काहींनी नको म्हटलं असताना एका माणसाने दिग्दर्शकाची खुर्ची मला दिली, ही. आवाजाचं काम केल्यामुळे खोलीतली शांतता मला ओळखू येते. रडू आवरणाऱ्यांची शांतता ती नव्हती. कोणी खुर्ची सरकवली, कोणी उगाच खोकलं. मी बसले तेव्हा पुढच्या वक्त्याचं नाव जरा उशिरा पुकारलं गेलं.

गजानन मला स्टँडवर सोडायला आला. आता मालेगावला त्याचा लग्नांच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. मोटरसायकल बंद करून तो तिच्यावरच बसून राहिला. म्हणाला, "तू आज बोलली नसती तं मी बी नसतो बोललो."

"काय?"

"त्या दिवशी आमाले तुह्या आवाजावर कॅमेरे बदलायचे नव्हते, नसरीन. सर बाजूच्या मेकअपच्या खोलीत बसले होते, टीव्ही लावून. आमच्या कानात त्यायचा आवाज होता. तुले आमचं आयकू येत होतं, पण तुह्या माइकची वायर आमच्या लायनीले नव्हती."

मी विचारलं, कोणाकोणाला माहीत होतं? तो म्हणाला, "सगळ्याइले."

"आणि सरांनी काय सांगितलं तुम्हाला?"

"म्हणे, कमिटी येऊन राह्यली. बिघडलं तं पुढं अशा पोराइले कोणी घेणार नाही. पोरीचं हसं नाही होऊ द्यायचं. मी सांगीन तिले सवडीनं, तुमी नका सांगू."

सवडीनं... सात वर्षं, सात ईदा, शीरखुर्म्याच्या चौदा वाट्या. माझ्या डोक्यावर ठेवलेला तो हात मला आठवला आणि मी स्टँडवर भर गर्दीत डोक्यावरची ओढणी झटकली, जणू हात अजून तिथेच होता. मग दुसरी गोष्ट आठवली. त्या दिवशी मी 'दोन' म्हणायच्या आधीच गजाननच्या बोटाखालचं बटण कट्‌कन वाजायचं. एकदा नाही, चार-पाचदा. तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! वाटलं होतं, गजाननला माझ्या मनातलं कळतंय, हीच खरी टीम.

माझं हसं होऊ नये म्हणून सर धरून अकरा जणांनी मिळून जे केलं, त्याला हसं नाही तर दुसरं काय म्हणतात ते मला सांगा. सर वाईट नव्हते. ते वाईट असते तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. दाराशी मला कोणी अडवलं की ते भांडायचे. पण आत घेतल्यावर माझ्या हातून काही बिघडू देण्याची हिंमत त्यांना झाली नाही. गजाननने त्याच्या स्वतःच्या कार्यक्रमात तिसऱ्या मिनिटाला सलग दोन आकडे चुकीचे सांगितले होते. सर त्याला सगळ्यांसमोर रागावले, त्याला परत करायला लावलं. गजानन त्यातून शिकला. मला त्यांनी कधी रागावलंच नाही... याचाही मला अभिमान वाटायचा.

निघताना गजानन म्हणाला, "एक गोष्ट हाय. तुही वायर अशीच लोंबकळत ठेवाले मले जमलं नाही. मी ते रेकॉर्डरले लावून देल्ली होती. तू जे जे बोलली ते माह्यापाशी हाय. तिन्ही कॅमेऱ्याचं बी हाय."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मालेगावची गाडी पकडली. त्याच्या स्टुडिओत आम्ही दुपारभर बसून माझ्या आकड्यांप्रमाणे तो कार्यक्रम पहिल्यांदा जोडला. माझाच सात वर्षांपूर्वीचा आवाज ऐकून मला तिची दया आली, इतकी खात्री होती त्या मुलीला. पाचव्या मिनिटाला गजानन थांबला. "इथं तू तीन म्हणली. तीनवर खुर्चीचा पाय हाय फक्त. चार सेकंद." मला हसू आलं, मग त्याच्यामागून तेवढाच राग आला. ती चूक माझी होती. ती मला तेव्हाच मिळायला हवी होती. पुढे आणखी एक चूक निघाली, तिच्याहून मोठी.

मग गुलशनबींची मुलाखत घेणाऱ्या आमच्या वर्गातल्या मुलीने त्यांना विचारलं होतं, की बांगड्या भरता तशा कधी काढाव्याही लागल्या का? त्या गप्प झाल्या होत्या. सरांनी त्या क्षणी कॅमेरा प्रश्न विचारणाऱ्या मुलीवर नेला होता, मान हलवताना. माझ्या आवाजात मात्र ऐकू आलं, "दोन. दोनच राहू दे. कोणी हलू नका." गजाननने दोन नंबर लावला. मी म्हटलं, "चौकटीत काय आहे ते सांग." तेव्हा म्हणाला, "हात हाय तिचे. एक बांगडी फिरवून राह्यली, आपलीच. काढाले पाह्यते, मनगटापर्यंत येते, मंग वापस घालते." त्या शांततेत काचेचा बारीक किणकिणाट होता. तोच ऐकून मी दोन म्हटलं होतं.

घरी अब्बांना सगळं सांगितलं. ते फार वेळ रजईला टाके घालत राहिले. मग म्हणाले, "और तेरा वाला कहाँ है?" मी लावून दिला. खुर्चीचा पाय आला तेव्हा त्यांनी विचारलं, "ये क्या है?" म्हटलं, माझी चूक आहे. "तो रहने दे," म्हणाले. आता गिऱ्हाइकांना ते हाच दाखवतात, पायासकट.

केंद्रात जाऊन मी नव्या प्रमुखांना सांगितलं, की बक्षीस मिळालेल्या कार्यक्रमावरचं माझं नाव काढा, दिग्दर्शक म्हणून सरांचं घाला. ते चुळबुळले. "आता कशाला? सर गेलेत." मी म्हटलं, मी अजून आहे. अर्ज देऊन आले. अजून काही कळवलेलं नाही त्यांनी. सरांच्या घरी मात्र मी गेले नाही. काकूंना हे माहीत होतं का, हे विचारायची भीती वाटते.

काम चालूच आहे. कुठल्याही स्टुडिओत गेले, कोणी हातात हेडसेट दिला, की मी लगेच घालत नाही. आधी त्याची वायर बोटांत धरते आणि टेबलाखालून, लोकांच्या पायांतून, गुडघ्यांवर बसून शेवटपर्यंत चाचपत जाते. लोक म्हणतात, मॅडम, लावली आहे, आम्ही पाहिलीय. मी ऐकत नाही. टोक हाताला लागलं, ते खोबणीत घट्ट बसलंय हे कळलं, की उठून खुर्चीवर बसते आणि विचारते, "माझा आवाज येतोय?" हो म्हणतात. मी पुन्हा एकदा विचारते.