पुन्हा पुन्हा उघडलेला लसीचा डबा

विमलताई राठोड साठ वर्षांच्या झाल्या, हे त्यांची चाल पाहून कोणाला पटेल? फुलसावंगीकडच्या तांड्यांवर मी नवी आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले, तेव्हा त्या माझ्या वरिष्ठ. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "लेकरू मांडीवर आल्याबिगर लसीचा डबा उघडायचा नाही. थंडावा गेला की लस गेली."

नेमकं तेच मला जमेना. महिनोन्‌महिने जिवाला थारा नव्हता. पोरगी शाळेतून पाच मिनिटं उशिरा आली की अपघात, नवऱ्याने फोन उचलला नाही की अपघात! छातीत धडधड, मान आखडलेली, झोप नाही. घरचे म्हणत, "रिकाम्या डोक्याचं खूळ." अहो, रिकामं कुठलं? साऱ्या गावाची काळजी कोंबलेली होती त्यात.

एका लसीकरण सत्राला बर्फ वितळला की काय, या धास्तीने मी डबा उघडला. झाकण नीट लागलं नाही असं वाटून पुन्हा उघडला. मग पुन्हा. दुपारपर्यंत बर्फाचं खरंच पाणी झालं. ओट्यावर अकरा आया लेकरं घेऊन बसलेल्या. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. मी ताईंना म्हटलं, "डबा मीच उघडला. मले हे काम जमत नाही. उद्या राजीनामा देते."

ताईंनी सत्र थांबवलं, लस परत पाठवली, आयांना पुढची तारीख दिली आणि तालुक्याला खरं ते कळवलं. मग मला बाजूला घेतलं. आता माझी खरडपट्टी निघणार, असं वाटलं. त्या म्हणाल्या, "काहून एवढी भिऊन राह्यली वं? हा आजार आहे. मले होता. गोळ्या घेतल्या मी, अन् कोणाले सांगितलं नाही. तेच चुकलं माझं."

ज्यांच्या आवाजाने अख्खा तांडा सरळ होई, त्या बाई हे सांगत होत्या. मी ओक्साबोक्शी रडले.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून त्या मला यवतमाळला मनोविकार तज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. दाराशी मी पदर तोंडावर ओढला, तर म्हणतात कशा, "बीपीच्या रांगेत तोंड लपवतं का कोणी?" डॉक्टरांनी सांगितलं, हा चिंतेचा आजार आहे, बरा होतो. औषध आणि समुपदेशन दोन्ही सुरू झालं. खात्री करावीशी वाटली की थोडं थांबायचं, ही तिथली शिकवण. पहिले काही आठवडे फरक पडेना. मी सोडून देणार होते. ताईंनी सोडू दिलं नाही.

राजीनामा दिला नाही. आजही हात झाकणाकडे जातो, पण लेकरू मांडीवर येईपर्यंत थांबतो.

ताई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तुम्ही बऱ्या आहात ना, हे विचारायला मी दिवसातून चारदा फोन करायचे. आता फक्त रविवारी करीन. तेवढा मात्र उचला.