बांधाबाहेरचा पाटा

सांगायचं नाय म्हटलं तरी ऐकतंय कोण? वाचनालयवाले तीनदा घरी आले. "आजोबा, बांधावरचे किस्से लिहून द्या." माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यात मास्तर निम्मा वेळ झोपलेला! घ्या, लिहितो. हे किस्से खाडीच्या गाळासारखे असतात. एका भरतीला कांद्याच्या सालीएवढा थर. दिसत पण नाय. आणि एक दिवस बघावं तर पाय गुडघाभर आत!

*

आमचं गाव पेणच्या खाडीला. आत भातशेती, बाहेर भरतीला बुडणारं खाजण, मध्ये मातीचा बांध. बांधाच्या कामाचा पुढारी नामा. त्याच्या घरच्या पाट्याचा कोपरा फुटला म्हणून त्याच्या आईनं तो बांधाबाहेर टाकला. सगळं गाव त्यावर उभं राहून पायाचा चिखल धुवायचं. मग दुसरीकडून नवी वाट पडली. जुन्या वाटेनं मी एकटाच जायचो, हट्टानं.

चार-पाच पावसाळ्यांनी म्हातारीला पाट्याची आठवण झाली. जाऊन बघतात तर नाय!

नामा चारचौघांत माझ्या अंगावर आला. "तिकडं तूच जात होतास. दगड काय चालत गेला?"

"अरे, गाळाखाली गेला असंल!"

"एवढा पाटा? गाळ हाय का अजगर?"

लोक हसले. झालो मी चोर!

*

बोलणी मला कमी, बायकोला जास्त. हौसा मसाला वाटायला बसली की कुंपणावरून यायचंच, "काय गो हौसे, नामाच्या पाट्यावर बारीक होतो ना?"

तिनं आमचा पाटा उचलून दारात मांडला. चारही कोपरे धड. "या, बघा!"

कोण बघायला आलं नाय. शेवटपर्यंत ती दारातच वाटायची. पावसात पण.

*

एक साहेब आला. गाळ किती चढतो ते मोजणार! खाजणात लोखंडी गज ठोकला, त्यावर लाल खूण केली. "हात लावू नका, पुढच्या वर्षी येतो."

नामानं त्याला म्हैस बांधली! म्हैस गजासकट घरी आली. नामानं गज परत नेऊन ठोकला. चांगला घट्ट, हातभर जास्त आत.

वर्षानं साहेबानं टेप लावली आणि टोपीच काढली. "एका वर्षात हातभर गाळ!" लगेच रिपोर्ट.

मी म्हटलं, "साहेब, मग पाटा पण खालीच असणार की!"

"साहेबाला गावच्या चोऱ्या सांगू नको," नामा म्हणाला.

म्हशीचं मी पण बोललो नाय. पहिल्यांदाच कोणतरी माझ्या बाजूनं बोलत होतं!

*

मग नामाला बांधापुढची तिवरांची झाडं खुपायला लागली. म्हणे मच्छर होतात. अर्धी तोडली.

मी ओरडलो, "अरे, ती मुळं गाळ धरतात! लाट बांधाला लागंल!"

"पाटा पण त्यांनीच धरलाय काय?"

परत सगळे हसले.

*

हौसा गेली. पुढच्याच उधाणाला बांध फुटला. जिथं तिवरं तोडली, बरोबर तिथं. खारं पाणी भातात.

बांध फुटला की घरटी एक माणूस येतो, हे आमच्याकडं ठरलेलं. खाजणातला चिखल फावड्यानं चौकोनी कापायचा आणि रांगेनं हातोहात पोचवायचा. नामा वर उभा राहून ओरडत होता. जुन्या वाटेजवळ तिवरं शिल्लक होती, तिथला चिखल घट्ट. तिथं मी कापत होतो.

गुडघाभर खाली फावडं ठण्णकन वाजलं.

फुटका कोपरा वर आला. रांग थांबली, हातातला चिखल हातात.

नामा खाली उतरला. खाडीच्या पाण्यानं पाटा धुतला, कोपऱ्यावरून हात फिरवला. मी वाट बघत उभा.

"आमचाच हाय," तो म्हणाला. "बघा रे, कुठं पुरून ठेवलान यानं!"

त्यात पाटा जड. एकट्याला उचलेना. दुसऱ्या टोकाला हात लावायला हाक कोणाला मारावी? मला!

आता नामा रोह्याजवळ वरसे गावात असतो, लेक तिकडं कंपनीत शिफ्ट करतो. माफी अजून यायची हाय. त्याचं नाव नीट छापा: नामदेव जोमा.