मावशीचं मत
मतदानाच्या दिवशी सोमाटण्याहून इंदुरीला जाणाऱ्या रिक्षात दोन पक्षांचे दोघे तावातावाने भांडत होते. मूल ठेवायचं की नाही हे बाईनंच ठरवावं, हा कोर्टाचा निकाल एकाला पटला होता, दुसऱ्याला नाही. माझ्या शेजारी बसलेली मावशी निवांत शेंगा सोलून दोघांच्याही हातावर दाणे ठेवत होती.

"तुमचं काय मत, मावशी?" एकाने विचारलं.

ती हसली. "माज्या तिसऱ्या खेपंला घरातल्या समद्यांनी मत दिलं. मला कुनी इचारलंच न्हाई. तवापासनं मतदान कदी चुकवलं न्हाई बगा."

शाळेपाशी ती उतरली आणि पदर खोचून झपाझप निघाली. माझं मत सकाळीच देऊन झालं होतं, तरी मीही उतरले. मला तिला रांगेत उभं राहिलेलं बघायचं होतं.