चाळणीशेठ आणि भोंगा

अचलपूरच्या टेनिस बॉलच्या सामन्यांत माईकवरून समालोचन करणाऱ्या उजैरचा एक कायदा होता. कौतुक करायचं ते पूर्ण नावाने, टिंगल करायची ती टोपणनावाने. भोंग्याचा आवाज खेळाडूच्या घरात पार चुलीपर्यंत जातो, तिथे त्याची आई बसलेली असते, असं तो म्हणे. म्हणून किशोर गावंडेने सोपा झेल सोडला की भोंग्यावरून उद्धार व्हायचा तो 'चाळणीशेठ'चा. मैदान हसायचं, किशोरही हसायचा. पण तोच किशोर बॅट घेऊन निघाला की उजैर त्याचं नाव वडिलांच्या नावासकट पुकारायचा. पुकारा झाल्याशिवाय आमच्याकडे फलंदाज क्रीजमध्ये पाय ठेवत नाही. हा रिवाजही उजैरनेच पाडलेला.

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या या पोराचं नशीब एकदम उघडलं. एका ॲपने भारताचे सामने वऱ्हाडीतून ऐकवायचं ठरवलं आणि त्याला मुंबईला बोलावलं. किशोरने स्वतः अमरावतीपर्यंत सोबत जाऊन त्याला गाडीत बसवून दिलं. आम्ही तर गावभर असे मिरवलो, जसे काही आम्हीच निवडून आलो होतो.

तिथे बंद खोलीत, पडद्यावर सामना पाहून बोलायचं. समोर मैदान नाही, मागे घरं नाहीत. वरचे साहेब सांगायचे, आणखी गावरान होऊ द्या, लोकांना हसवा. हसवायला हा कधी कमी पडला होता? एका सामन्यात परदेशी खेळाडूने हातातला झेल सोडला आणि उजैर बोलून गेला, "याले पाहून मले आमच्या अचलपूरचा किशोर गावंडे आठवून राहिला. त्याच्या हातात लग्नाच्या अक्षताही टिकत नाई."

चाळणीशेठ म्हटलं तर मुंबईत कोणाला कळेल, असं वाटलं म्हणे त्याला. अरे शहाण्या, किशोर गावंडे तरी कोणाला कळणार होता? पण तो तुकडा मोबाईलवरून गावोगाव फिरला. किशोरच्या बहिणीला, प्रणालीला, पाहायला अकोल्याचे पाहुणे आले. किशोर चहा देत होता. मुलाच्या मामाने कप घेता घेता विचारलं, ते अक्षतावाले तुम्हीच काय? पाहुणे हसले. किशोरचे वडील किसनराव मान खाली घालून बसून राहिले. अकोल्याहून पुढे निरोप आला नाही. कारण तेच की दुसरं, देव जाणे, पण त्या घरात उजैरचं नाव निघणं बंद झालं.

उजैरला हे कळलं ते उन्हाळ्यात, आमच्या गावच्या फायनलचा पाहुणा म्हणून आला तेव्हा. मी तिथे धावफलक लिहितो. मीच सांगितलं, आणि चांगलं झोडून सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. गावंड्यांच्या दारापर्यंत जाऊन तो कडी न वाजवता परत आला. मंडपात घातलेला हार त्याने लगेच काढून ठेवला. माईक नको म्हणाला, पण लोक ऐकतात कुठे.

चौथी विकेट पडली आणि किशोर निघाला. मैदानात आधीच खसखस पिकली होती. उजैरने माईक तोंडाशी नेला. टोपणनाव घ्यायला तोंड नव्हतं, आणि खरं नाव त्यानेच टिंगलीचं करून ठेवलं होतं. पुकारा होईना. किशोर क्रीजच्या बाहेर थांबलेला. पंच मंडपाकडे पाहू लागले.

शेवटी किशोर बॅट काखेत मारून मंडपात आला. उजैर उभा राहिला, माईक बाजूला धरून हळूच म्हणाला, "चुकलं माह्यं, किशोर. माफ कर."

"बोलला तं साऱ्या जगात," किशोर म्हणाला, "आन माफी कानात मांगून राहिला?"

त्याने उजैरच्या हातून माईक घेतला आणि स्वतःच पुकारा केला. "किशोर किसनराव गावंडे बॅटिंगले येऊन राहिले." मग माईक परत त्याच्या हातात देऊन तो क्रीजकडे गेला. कोणी हसलं नाही.

माईक चालूच होता. उजैरने तो तोंडाशी धरून ठेवला. ओव्हर संपेपर्यंत किसनरावांच्या घराकडे तोंड केलेल्या भोंग्यातून नुसती खरखर जात राहिली.